सुमन बाजूला बसत नव्हती

हे लिहायचं मी फार वर्षं टाळलं. टाळायला कारणं मिळत गेली. आधी नोकरी होती, मग मुलींची लग्नं आली, मग मोतीबिंदूचं ऑपरेशन. आता एकही कारण उरलेलं नाही आणि भाची मागे लागली आहे. ती म्हणते, "मामा, आईला झाला तो आजार अजून लोकांना होतो आणि अजून वर्ष वर्ष कळत नाही. तुम्ही सगळं जवळून पाहिलंय. लिहा ना, कुणाच्या तरी उपयोगी पडेल."

तिला वाटतं की मामाने तिच्या आईला वाचवलं. आमच्या सगळ्या नात्यागोत्यात असंच सांगितलं जातं. लग्नाच्या पंगतीत कुणी ना कुणी विषय काढतो, "दादांनी तेव्हा बहिणीसाठी किती धावाधाव केली," आणि मी पानातला भात कालवत राहतो. मी कधी कुणाला थांबवलं नाही. म्हणून आजाराबद्दल लिहितो आणि माझ्याबद्दलही लिहितो.

सुमन माझी धाकटी बहीण. या आजाराचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते मालाडच्या एका प्रसूतिगृहात. ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं होती. आम्ही राहायचो घाटकोपरला, भटवाडीत. मालाडला आमचं कुणीच नव्हतं, म्हणून तर मी ते निवडलं होतं. सुमनचं तेव्हा लग्न झालेलं नव्हतं. घरातून निघताना मी माझ्या बायकोचं मंगळसूत्र तिच्या गळ्यात घालायला लावलं. मी तिला मूल पाडायला घेऊन गेलो होतो.

डॉक्टरीणबाई वयस्क होत्या. मी ठरवून आणलेली गोष्ट सांगितली. ही माझी बहीण, हिचा नवरा मस्कतला असतो, आत्ता मूल परवडणार नाही. बाईंनी मान हलवली आणि सुमनला विचारलं, "लग्नाला किती वर्षं झाली?"

सुमन म्हणाली, "आज सकाळपासून."

बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि तिला आत नेलं. मी बाकावर बसलो. शेजारी पोटुशी बायका आणि त्यांच्या सासवा होत्या. बराच वेळ लागला. लघवी तपासायला पाठवली, तिचा रिपोर्टही आला. मग बाईंनी मला बोलावलं. सुमन पडद्याआड साडी नीट करत होती.

"मूल नाही," बाई म्हणाल्या.

"नीट बघा बाई. पोट बघा किती आलंय. पाळी कधीची बंद आहे."

"अहो, माझा जन्म यातच गेला. हिच्या पोटात मूल नाही आणि कधी नव्हतंही." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "पोटावर जांभळे पट्टे आहेत, बोटाएवढे रुंद. चेहरा सुजल्यासारखा गोल आणि हातपाय काड्या. ब्लडप्रेशर इतकं आहे की ही उभी कशी राहते, मला कळत नाही. मला कुशिंग्ज सिंड्रोमची शंका येते. मी शिकत असताना एकच पेशंट पाहिली होती. तिला आजच्या आज मोठ्या हॉस्पिटलात न्या."

मी विचारलं, "ते काय असतं?"

"शरीरात कॉर्टिसॉल नावाचं एक हार्मोन फार जास्त तयार होतं. का होतं, ते तिथले डॉक्टर शोधतील." आणि मग, मी उठल्यावर, "ते मंगळसूत्र काढून ठेवा आधी. केसपेपरवर खरं लिहा."

बाहेर आल्यावर सुमन रडेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "भूक लागली मला. समोर वडे तळतोय तो." आम्ही उभ्या उभ्या वडा खाल्ला. सुटलो, हेच माझ्या मनात होतं. बहीण आजारी आहे याचा मला त्या घटकेला आनंद झाला होता. हे वाक्य लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला आहे.

आता सुरुवातीपासून सांगतो. ज्यांच्या घरात असं काही चाललं असेल त्यांनी लक्षणांकडे नीट पाहावं.

आमचे वडील गिरणीत होते. कोकणातून आलेले, गावचे देव डब्यात घालून आणलेले. आईवडील गेल्यावर सुमनला मी वाढवलं. ती अंधेरीला एका इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात सोल्डरिंगचं काम करायची. बोलायला तिखट. चाळीच्या पायऱ्या दोन दोन ओलांडत चढायची.

आधी तिचा चेहरा भरला. सगळे म्हणाले, पगार मानवला. मग गाल लाल राहायला लागले, हनुवटीवर लव आली, मानेच्या मागे चरबीचा उंचवटा आला. पोट वाढलं, पण दंड आणि पोटऱ्या सुकत गेल्या. हे चमत्कारिक आहे, हे कुणाच्या तरी लक्षात यायला हवं होतं. पायऱ्या चढताना ती कठडा धरायला लागली. जमिनीवर जेवायला बसली की उठताना हात टेकायची, पुढे पुढे वहिनीला हाक मारायची. कामगारांच्या दवाखान्यात गेली तर त्यांनी वजन कमी करायला सांगितलं आणि टॉनिक दिलं. एकदा पापड लाटता लाटता तिच्या पाठीत कळ आली, ती महिनाभर गेली नाही. मणका दबला होता, हे नंतर कळलं. कॉर्टिसॉल वाढलं की हाडं पोकळ होतात.

आणि पाळी बंद झाली.

इथे आमच्या घरची एक रीत सांगायला हवी, नाही तर पुढचं कळणार नाही. आमच्याकडे बायका महिन्याचे तीन दिवस बाजूला बसायच्या. एक खोली आणि स्वयंपाकघर, त्यात बाजूला म्हणजे दाराजवळचा कोपरा. चटई वेगळी, भांडं वेगळं, देवाकडे आणि चुलीकडे जायचं नाही. चाळीत बऱ्याच घरांनी हे सोडलं होतं. मी सोडू दिलं नव्हतं, कारण वडिलांचे देव घरात होते. सुमन दर महिन्याला भांडायची. "दादा, कारखान्यात मी हेच हात रेडिओच्या पार्टला लावते. तो रेडिओ तुझ्याच घरात वाजतो ना? त्याला विटाळ होत नाही?" पण बसायची.

दार दिवसभर उघडं. त्यामुळे आमच्या घरातलं कोण केव्हा बसलंय, हे सगळ्या मजल्याला ठाऊक असायचं. आणि कोण बसलं नाही, हेही.

नळावर पेडणेकर काकीने माझ्या बायकोला, मंगलला, चारचौघींत विचारलं, "काय गो मंगल, तुझी नणंद हल्ली भायर बसणा नाय मां?"

मंगलने घरी येऊन मला सांगितलं. ती घाबरली होती. तिने आधीच सुमनला विचारलं होतं आणि सुमनने सरळ उत्तर दिलं होतं, "येतच नाही गं वहिनी. मला काय माहीत का. थकवाच इतका असतो की मी विचारपण करत नाही." मंगलचं म्हणणं होतं, डॉक्टरकडे नेऊ. मी म्हणालो, कोणत्या डॉक्टरकडे? आमचा डॉक्टर गल्लीतलाच, त्याच्या दवाखान्यात अर्धी चाळ बसलेली. मंगल म्हणाली, "ती खोटं बोलत नाही हो. मी ओळखते तिला." मी म्हणालो, "तू गप्प बस. तुझ्या डोळ्यांदेखत झालंय हे."

रीत माझी होती. घरात बाईची पाळी ही सगळ्यांनी बघायची गोष्ट मी करून ठेवली होती. आणि तिच्याकडे बघून मी एकच निष्कर्ष काढला. पाळी नाही, पोट वाढतंय, लग्न नाही. पुढे विचार करायची मला गरजच वाटली नाही.

काही महिने मी घुम्यासारखा वागलो. तिच्याशी बोललो नाही. गणपतीला गावी जाताना तिला नेलं नाही, भावकीत काय सांगणार म्हणून. ती म्हणाली, "बरं झालं, मला बोटीसारखी बस लागते." पण आम्ही परत आलो तेव्हा तिने घरीच पाच मोदक करून ठेवलेले होते, फाटलेले. पाच मोदकांची पारी करायला हातात जोर राहिला नाही, असं म्हणाली. मी एकही खाल्ला नाही.

मग एका रविवारी मंगल बाजारात गेली असताना मी सुमनला विचारलं, "कोण आहे तो?"

"कोण कोण?"

"मला शहाणपण शिकवू नकोस. कारखान्यातला आहे का?"

तिला कळायला वेळ लागला. कळल्यावर ती हसली. खरोखर हसली. "दादा, वेडा आहेस का तू? पाय वर उचलत नाही माझा, आणि मी कुठे भानगडी करत फिरू?" त्या हसण्याचा मला राग आला. मी तिचे दोन्ही दंड पकडले आणि तिला भिंतीशी गदागदा हलवलं. नाव सांग, नाव सांग. ती म्हणाली, "नाव असेल तर सांगेन ना रे." आणि मग, "सोड. दुखतंय." मी लगेच सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिच्या दोन्ही दंडांवर माझी बोटं उठली होती, काळीनिळी. तिने लांब बाह्यांचं पोलकं घातलं. त्यानंतर आठवड्याच्या आत आम्ही मालाडला गेलो.

तिथून पुढची माझी धावाधाव खरी आहे. शहरातल्या मोठ्या म्युनिसिपल हॉस्पिटलात तिला दाखल केलं. मी रजा काढली. तपासण्या कशा होत्या ते सांगतो, म्हणजे तुम्हाला घाबरायला होणार नाही. आता यातल्या बऱ्याच सोप्या झाल्या असतील.

पहिली, चोवीस तासांची लघवी. सकाळची पहिली टाकून द्यायची आणि दुसऱ्या सकाळपर्यंतची प्रत्येक वेळची एका मोठ्या कॅनमध्ये साठवायची, एकदाही चुकवायची नाही. त्यातून शरीर दिवसभरात किती हार्मोन बनवतं, ते कळतं. दाखल व्हायच्या आधी पहिल्यांदा ही तपासणी घरून करायला सांगितली होती. चाळीच्या टोकाला सामायिक संडास, आणि सुमन दर वेळी कॅन पदराखाली घेऊन जायची. सकाळी तो पिशवीत घालून मी जिना उतरत होतो, तर खालचा सावंत म्हणाला, "काय दादा, रॉकेल मिळालं? कुठल्या दुकानात आलंय?" मी म्हणालो, संपलं. बसमध्ये सगळा वेळ तो कॅन मांडीवर धरून बसलो. खरं सांगायचं तर मला त्या कॅनचीही लाजच वाटत होती.

दुसरी तपासणी रक्तातल्या कॉर्टिसॉलची. निरोगी माणसात ते सकाळी जास्त असतं आणि रात्री अगदी उतरतं. सुमनचं दोन्ही वेळा सारखंच होतं.

तिसरी, डेक्सामेथासोन सप्रेशन टेस्ट. नाव मोठं आहे, गोष्ट साधी. तिथल्या तरुण डॉक्टरने मला समजावून सांगितली. मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी एक ग्रंथी असते, दोन्ही बाजूंना एकेक. तिला अ‍ॅड्रिनल म्हणतात. ती कॉर्टिसॉल बनवते. मेंदूच्या तळाशी पिट्युटरी नावाची ग्रंथी असते, ती अ‍ॅड्रिनलला हुकूम देते, बनव किंवा थांब. गोळीतून कॉर्टिसॉलसारखंच औषध दिलं की पिट्युटरीला वाटतं, पुष्कळ झालं, आणि ती थांब म्हणते. "तुमच्या बहिणीची ग्रंथी थांबली नाही," डॉक्टर म्हणाला. "कुणाचंच ऐकत नाहीये."

मग सोनोग्राफी आणि सीटी स्कॅन. सीटीची यंत्रं तेव्हा शहरात मोजकी होती, नंबर लागायला दिवस गेले. डाव्या अ‍ॅड्रिनलवर गाठ दिसली. अ‍ॅडिनोमा. म्हणजे कॅन्सर नसलेली, साधी गाठ. ती स्वतःच कॉर्टिसॉल ओतत होती. चेहरा, पोट, लव, दबलेला मणका, ब्लडप्रेशर, बंद पाळी, सगळं तिच्यामुळे.

"साधीच आहे ना?" मी विचारलं.

"गाठ साधी आहे. तिने केलेलं नुकसान साधं नाही. अजून उशीर झाला असता तर हृदयावर गेलं असतं. इतके महिने कुठे होतात?"

मी म्हणालो, "आम्हाला कळलं नाही."

त्याआधी, तिला दाखल केलं त्याच आठवड्यात, वॉर्डात मोठे डॉक्टर राउंडला आले होते. बरोबर विद्यार्थ्यांचा घोळका. हा आजार क्वचित दिसतो, म्हणून सुमनच्या खाटेभोवती सगळे जमले. मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. डॉक्टरांनी एकेक लक्षण दाखवलं. चंद्रासारखा गोल चेहरा, मानेचा उंचवटा, पोटावरचे जांभळे पट्टे. मग त्यांनी तिची बाही वर सारली. डाग पिवळे पडत आले होते, पण बोटं मोजता येत होती.

"हे बघा," ते म्हणाले. "कॉर्टिसॉल वाढलं की कातडी कागदासारखी पातळ होते, खालच्या रक्तवाहिन्या नाजूक होतात. जरासा धक्का लागला तरी असं रक्त साकळतं. बाई, हे कशाने झालं?"

सुमनने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही.

"आठवत नाही, डॉक्टर."

"बघा. पेशंटला आठवतही नाही. इतकं किरकोळ कारण पुरतं. हे लक्षण विसरू नका."

मुलांनी वाकून वाकून ते डाग पाहिले. एका मुलीने हळूच बोट लावून पाहिलं. डॉक्टर खोटं बोलत नव्हते. निरोगी माणसाच्या दंडावर माझी बोटं इतकी उठली नसती. पण ती बोटं माझी होती, आणि मी खाटेच्या पायथ्याशी उभा राहून त्यांना आजाराचं लक्षण होऊ दिलं. घोळका पुढच्या खाटेकडे गेला. सुमनने बाही खाली केली आणि म्हणाली, "दादा, उद्या येताना लिंबाचं लोणचं आण. इथल्या वरणाला मीठच नसतं."

"तुला मीठ नाही चालत," मी म्हणालो. एवढंच.

ऑपरेशन डाव्या कुशीतून झालं. पाठीकडून पोटाकडे लांब चीर. बाटलीभर रक्त मी दिलं, त्याचंही नंतर कौतुक झालं. सर्जनने बाहेर येऊन वाटीत गाठ दाखवली. आवळ्याएवढी, पिवळी, गुळगुळीत. एवढ्याशा वस्तूने हे सगळं केलं होतं. पण सगळं त्या गाठीनेच केलं असं मी म्हणणार नाही, कारण सगळं गाठीने केलं नव्हतं.

चौथ्या-पाचव्या दिवशी मंगल सुमनला पेज भरवत होती. मी आत आलो तर सुमन म्हणाली, "काय रे दादा, बघितलंस का त्याला?"

"कुणाला?"

"माझ्या पोटातल्याला. कुणावर गेलाय?"

शेजारच्या खाटेवरची म्हातारी खो खो हसली. मंगलने तोंडाला पदर लावला, पण तिचे खांदे हलत होते. सुमनला हसताना टाके दुखत होते, ती कुशीला उशी दाबून धरून हसत होती. "सांग ना. बारसं करायचंय."

तेव्हा बोलायला हवं होतं. तिने दार उघडून दिलं होतं, आणि तेही हसत. मी पाण्याचा तांब्या उचलला आणि भरून आणतो म्हणून बाहेर गेलो. तांब्या भरलेलाच होता. परत आलो तेव्हा त्या दुसऱ्याच विषयावर बोलत होत्या.

आता ऑपरेशननंतरचं, आणि हे नीट वाचा. गाठ काढली की लगेच बरं वाटत नाही. उलट काही महिने फार वाईट जातात. इतके दिवस गाठ काम करत होती म्हणून उजवीकडची चांगली ग्रंथी झोपून गेलेली असते. ती जागी होईपर्यंत कॉर्टिसॉल गोळ्यांनी द्यावं लागतं आणि हळूहळू कमी करावं लागतं. सुमनचे सांधे दुखायचे, कातडी सोलून निघायची, जेवण समोर आलं की मळमळायचं. चाळीत कुणीतरी सांगितलं, स्टेरॉइड वाईट, बंद करा. आम्ही डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "दुसऱ्यांसाठी औषध असेल, तिच्यासाठी हे जेवण आहे. एक दिवस चुकलं तरी जीवावर बेतेल. उलट्या झाल्या, ताप आला तर घरी थांबू नका, सरळ इथे या." हे तुम्हीही कुणाच्या सांगण्यावरून बदलू नका.

हळूहळू चेहरा उतरला. जुनी सुमन त्यातून बाहेर आली, जरा थकलेली. पाठीचा मणका तसाच राहिला, ती पुढे जन्मभर किंचित वाकून चालली. पट्टे पांढरे झाले. आणि सहाएक महिन्यांनी एका सकाळी मोरीतून तिची हाक आली, "वहिनी! आली गं!" अख्ख्या मजल्याला ऐकू गेली असेल. मंगल धावली. दोघी मोरीच्या दारात एकमेकींना धरून उभ्या होत्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पाळी आली की समजा, शरीर ताळ्यावर आलं.

मग सुमनने दारामागची चटई काढली आणि कोपऱ्यात जाऊन बसली. सवयीने.

मी पेपर वाचत होतो. म्हणजे धरला होता. घरचा कर्ता मी, रीत माझी. मी एक शब्द बोललो असतो तर पुरे होतं. मंगलने माझ्याकडे पाहिलं आणि मग पोळपाट खाली ठेवत म्हणाली, "सुमन, ऊठ. पोळ्या लाटायला ये. माझ्या एकटीच्याने व्हायच्या नाहीत."

सुमन म्हणाली, "दादा बसलाय."

"बसू दे त्यांना," मंगल म्हणाली.

सुमन उठली, हात धुतले, आणि देवांच्या समोरून चालत चुलीपाशी गेली. मी पेपरचं पान उलटलं. त्या दिवसापासून आमच्या घरात कुणी बाजूला बसलं नाही. माझ्या मुलींना ती रीत ठाऊकही नाही. लोक म्हणतात, दादा सुधारक होते. दादांनी पेपरचं पान उलटलं, एवढंच केलं.

पुढे सुमनचं लग्न झालं. चेंबूरचा, बिजवर, शांत माणूस. तिने त्याला सगळा आजार आधी सांगितला. मुलगी झाली. तीच ही भाची. तिला सुमनने काय सांगितलं असेल? मामाने मालाडच्या डॉक्टरकडे नेलं, तिथून मोठ्या हॉस्पिटलात नेलं. सगळं खरं. फक्त मालाडला का नेलं, ते नाही. माझा पडदा तिने तिच्या हाताने शिवला आणि जन्मभर फाटू दिला नाही. मी ते क्षमा म्हणून घ्यावं असं मंगल म्हणायची. पण मागितली नाही ती क्षमा मिळाली असं कसं म्हणायचं?

काही वर्षांपूर्वी, मंगल गेल्यानंतर, मी ठरवून चेंबूरला गेलो. बोलायचंच म्हणून गेलो. बसमध्ये वाक्य जुळवलं, दहा वेळा मनात म्हटलं. भाची कामावर गेली होती, मेहुणे झोपले होते. सुमनने चहा केला. आम्ही दोघं स्वयंपाकघरात बसलो. ती शेंगा सोलत होती.

"असा मधल्या वारी कसा आलास रे?" तिने विचारलं. "बरा आहेस ना?"

"बरा आहे."

"मग? काही बोलायचं होतं का?"

ती थांबली होती. हातातली शेंग तशीच. माझं वाक्य तयार होतं, ओठांपर्यंत आलं होतं. मी म्हणालो, "तुमच्याकडे पाणी किती वाजता येतं हल्ली?"

तिने माझ्याकडे पाहिलं. ती इतका वेळ पाहत राहिली की मी नजर खाली घेतली.

"साडेपाचला," ती म्हणाली. "प्रेशर नसतं." आणि शेंग सोलली. "अजून काही?"

"नाही. सहज."

"बरं. जेवून जा."

मी जेवलो. तिने दारापर्यंत येऊन सांगितलं, सावकाश जा, चष्मा लावून उतर. त्याच हिवाळ्यात झोपेत तिचं हृदय थांबलं. त्या आजाराचा काही संबंध नाही असं डॉक्टर म्हणाले. मी विचारून घेतलं.

बसमध्ये जुळवलेलं वाक्य मोठं नव्हतं. ते असं होतं: सुमन, तू पहिल्या दिवसापासून खरं सांगत होतीस आणि मी तुझ्याऐवजी चाळीचं ऐकलं, माझं चुकलं गं.